पवनाकाठचा गुरुवार

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. भोसरी, पिंपरी, आकुर्डी, चिंचवड इथली बहुतेक शेड गुरुवारी बंद, आणि रविवारी मशिन नेहमीसारखी चालू. मुलांच्या शाळेची सुट्टी आणि आपली सुट्टी जुळत नाही, रविवारी ठेवलेली लग्नं चुकतात, ही तक्रार इथल्या घराघरांत आहे. पण याच गुरुवारामुळे आम्हा कारखान्यातल्या माणसांना एक सुख लाभलं आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गच्च भरणारा पवनाकाठ आम्हाला मोकळा मिळतो.

म्हणून बुधवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की निघायचं आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचं, असं ठरलं. मी, पॅकिंगमध्ये काम करणारी माझी मैत्रीण आणि आमच्या असेंब्ली लाइनवरचा लातूरचा एक तरुण सहकारी. त्याने आजवर सह्याद्री पाहिला होता तो लोकलच्या खिडकीतून. पितृपंधरवडा चालू होता, पावसाचा जोर ओसरला होता. मावळात जायला याहून चांगले दिवस नाहीत, असं माझं ठाम मत आहे. जून-जुलैत धुक्यापलीकडे काही दिसत नाही आणि वाटा निसरड्या असतात. दिवाळीनंतर डोंगर पिवळे पडू लागतात. भाद्रपदाच्या शेवटी मात्र हिरवा रंग टिकलेला असतो, धरण भरलेलं असतं आणि कड्यांवर सोनकी फुललेली असते.

चिंचवडहून लोणावळ्याची लोकल पकडली. आकुर्डी, देहूरोड गेलं की घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो आणि शहर संपल्याची पहिली खूण पटते. तळेगाव, वडगाव, कान्हे आणि मग कामशेत. कामशेतला उतरून पवनानगरची जीप मिळते. गाडी भरेपर्यंत थांबावं लागतं, पण तेवढ्यात स्टेशनबाहेरचा वडापाव होतो.

कामशेत सोडलं की दोन्ही बाजूंना भात. त्या दिवसांत तो निसवायला लागलेला असतो आणि वाऱ्यावर त्याचा वास येतो. हा इंद्रायणी. पुण्या-मुंबईच्या दुकानांत हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तो जन्मला इथेच, हे फार जणांना ठाऊक नसतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा वास राहिला आणि उताराही वाढला. मावळच्या शेतकऱ्याला चार महिने पाऊस झेलून पैसा देणारं पीक मिळालं. आता याच खाचरांच्या शेजारी गुलाबाची पॉलिहाउस उभी आहेत. तिथली फुलं फेब्रुवारीत परदेशी जातात.

वाटेत बेडसे लेण्यांचा फाटा लागतो. आम्ही थांबलो नाही, कारण काठावर पोहोचेपर्यंत अंधार पडला असता. पण ज्यांच्याकडे अर्धा दिवस जास्त आहे त्यांनी त्या पायऱ्या चढाव्यात. कार्ल्या-भाज्याची गर्दी तिथे नाही आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे ते उंच खांब, त्यांवर बसलेली हत्ती-घोड्यांवरची जोडपी, निवांत पाहता येतात.

पवनानगर हा धरणाच्या कामासाठी वसलेला गाव. जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात. धरण १९७२ साली पूर्ण झालं. मातीच्या भरावाची, सव्वा किलोमीटरहून लांब अशी ती भिंत आता गवताने इतकी झाकली आहे की अनोळखी माणसाला ती एखादी टेकडीच वाटेल. उपयुक्त साठा साडेआठ टीएमसी. पावसाळ्यात आमच्या शहरातल्या वर्तमानपत्रांत धरण किती टक्के भरलं याचा आकडा रोज छापून येतो आणि सोसायटीच्या गप्पांत तो पाठ असतो. कारण पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं बहुतेक पाणी इथूनच येतं. ते धरणातून नदीत सोडतात, नदीतून ते रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं आणि तिथून महापालिका आणि एमआयडीसी ते उचलतात.

लातूरच्या पोराने पाणी पाहिलं आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, एवढं पाणी एका जागी असतंय, हे मी पुस्तकातच वाचलं होतं." २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा तो शाळेत होता. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणलं होतं. गाडी पाहायला लोक स्टेशनवर जमले होते, हे त्याने सांगितलं आणि घागरी घेऊन रांगेत त्याचे कसे दिवस गेले तेही. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत मराठवाड्यातली मुलं किती आहेत हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लातूर, बीड, धाराशिव, नांदेड. त्यांच्यापैकी अनेकांना गाव सोडायला पाण्यानेच लावलं. त्यांच्याबरोबर पवनाकाठी यावं, म्हणजे हे पाणी नुसतं देखणं वाटत नाही.

आम्ही तिकोना गडाच्या बाजूला काठावर एका घरच्या शेतात तंबूत राहिलो. अलीकडे ठाकूरसाई, आपटी, गेव्हंडे, दुधिवरे अशा काठच्या अनेक गावांत तंबूंचा धंदा जोरात आहे. काही ठिकाणी तो बाहेरच्यांनी जागा घेऊन मांडला आहे. तिथे रंगीत दिवे असतात, रात्री स्पीकर असतात, शेगड्यांवर कबाब असतात. आम्ही मुद्दाम गावातल्याच माणसाकडे गेलो. नातू तंबू सांभाळतो, सून स्वयंपाक करते आणि आजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. रात्री चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठलं, लसणीचा ठेचा आणि वाफाळता इंद्रायणी. त्या भातावर नुसतं तूप-मीठ घातलं तरी दुसरं काही लागत नाही.

मी संध्याकाळी पाय भिजवायला पाण्याकडे निघाले तेव्हा आजींनी हाक मारली. "बाय, फुडं जाऊ नगंस. खाली आमची शेतं हायेत. बांध हाय, हीर हाय. वरनं कळत न्हाई." त्यांचं लग्न झालं तेव्हा धरण नव्हतं. त्या ज्या घरी नांदायला आल्या ते घर, खळं, विहीर, देवळाकडे जाणारी वाट, सगळं पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध वर येतात आणि त्या नातवंडांना बोटाने दाखवतात, हे आमचं वावर, ते थोरल्या दिरांचं. वाघेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळही असंच वर येतं. वर्षातले बरेच महिने महादेव पाण्यात आणि उन्हाळ्याचे थोडे दिवस दर्शनाला मोकळा. तेव्हा काठची गावं तिकडे लोटतात.

धरणात जमीन गेलेल्या खातेदारांपैकी शेकडो जणांना बदली जमीन अजून मिळालेली नाही. धरणाला पन्नासहून अधिक वर्षं झाली. चार एकर जमिनीची मागणी घेऊन मोर्चे निघतात, पाणी सोडणं बंद पाडण्याचे इशारे दिले जातात, बैठका होतात. ज्यांची जमीन गेली त्यांतले अनेक जण मागणी करता करता गेले आणि आता मुलं-नातवंडं तीच कागदपत्रं घेऊन फिरतात. आजी हे सांगताना चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडं पानी रोज येतं का?" मी सांगितलं, २०१९च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे एक दिवसाआड येतं. त्यांना ते खरंच वाटेना. समोर एवढं पाणी आणि ते ज्यांच्यासाठी अडवलं त्यांनाही रोज नाही. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून पाणी आणायच्या योजना शहराने केल्या, पण शहर त्याहून वेगाने वाढतं आहे. त्या भामा आसखेडच्या काठीही याच आजींसारखी माणसं आहेत, हे चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

अंधाऱ्या पक्षातली रात्र होती. जेवणं झाल्यावर काठावर बसलो. पलीकडे तुंग किल्ल्याचं टोक आकाशात काळं उभं होतं, उत्तरेला लोहगड-विसापूरची लांबट आकृती. तारे इतके की माझी मैत्रीण, जिचं सगळं आयुष्य पिंपरीत गेलं, ती उताणी पडून मोजण्याचा नाद सोडून नुसती पाहत राहिली. पूर्वेकडे मात्र क्षितिजाला तांबूस उजेड होता. तो आमच्याच शहराचा. तिथे थर्ड शिफ्ट चालू झाली असेल, असं आम्ही तिघांनीही मनात म्हटलं असणार.

पहाटे उठून तिकोना पेठेतून गड चढायला घेतला. तिकोना ऊर्फ वितंडगड. उंची साडेतीन हजार फुटांच्या आसपास, पण पायथाच उंचावर असल्याने चढ बेताचा. रोज उभ्याने काम करणाऱ्या पायांना तासाभरात माथा गाठता येतो. वाटेवर तेरडा गुडघाभर वाढलेला, त्यावर दव. वर गेल्यावर चपेटदान मारुती लागतो. एक हात उगारलेला, पायाखाली राक्षसीण दाबलेली. माझ्या मैत्रिणीने त्याला मनापासून नमस्कार केला आणि म्हणाली, देव असावा तर असा. पुढे दगडी चुन्याची घाणी आहे. गोल चरातून बैलांनी जातं फिरवायचं आणि चुना मळायचा. आमच्या लातूरकराने ती वाकून वाकून पाहिली, चराची रुंदी वितीने मोजली आणि दगडाच्या चाकाचा आस कुठे बसवत असतील याचा विचार करत बसला. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला गडावर काय दिसतं, हे मला त्याच्यामुळे कळलं. आम्ही वळणांवरून निसर्ग पाहत होतो, तो मापं पाहत होता.

बालेकिल्ल्याच्या पायऱ्या कठीण आहेत. कातळात खोदलेल्या, अरुंद, एकेक दीड-दीड फुटाची. बाजूला धरायला दोर आहे. वर जाताना काही वाटत नाही, उतरताना मात्र तोंड कातळाकडे करून यावं. पाऊस पडत असेल तर खालूनच परत फिरावं, त्यात कमीपणा नाही. वर त्र्यंबकेश्वर महादेवाचं देऊळ आहे, टाकी आहेत, भगवा आहे आणि चारी बाजूंना मोकळी हवा.

तिथून पवन मावळ पूर्ण उलगडतो. समोर जलाशयाचे फाटे डोंगरांच्या घळींमध्ये शिरलेले दिसतात. पश्चिमेला तुंग, ज्याला कठीणगड म्हणतात. उत्तरेला लोहगडाची विंचूकाट्याची सोंड आणि तिला लागून विसापूर. कोकणातून बोरघाट चढून येणाऱ्या वाटेवर या चौघांची नजर होती. १६५७ साली शिवाजी महाराजांनी हा मुलूख घेतला. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत हे चारही होते. पुढे पाच वर्षांत महाराजांनी ते परत मिळवायला सुरुवात केली. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांना जागतिक वारसा ठरवलं त्यांत लोहगड आहे. तिकोना नाही. तिकोन्यावर दुर्गप्रेमी तरुणांनी स्वतः राबून पायवाटा नीट केल्या, टाकी उपसली, माहितीचे फलक लावले. ही मुलं बहुतेक आमच्यासारखीच आठवडाभर कुठेतरी नोकरी करणारी आहेत. सुट्टीचा दिवस घमेली उचलण्यात घालवणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

माथ्यावरून धरणाची भिंतही दिसते आणि तिच्या पुढे नदीची बारीक रेषा पूर्वेकडे जाताना दिसते. तिथे बसून मी बऊरचा विचार करत होते. महापालिकेने या धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३४ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायची ठरवली. गळती थांबेल, स्वच्छ पाणी मिळेल, असं शहराचं म्हणणं. पाणी नदीतून वाहिलं नाही तर आमच्या मोटारी काय उचलणार, जमिनी पुन्हा किती वेळा द्यायच्या, असं मावळच्या शेतकऱ्यांचं म्हणणं. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, शेतकरी बऊरला द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. काम थांबलं. पवनानगरला येताना तो द्रुतगती मार्ग ओलांडावाच लागतो.

मी शहरातली आहे, मला पाणी हवं आहे. दिवसाआड पाणी म्हणजे काय हे घरातल्या बाईला सगळ्यांत जास्त कळतं. तरी वरून ती रेषा पाहिली आणि शेतकऱ्यांचं बरोबर आहे असं मला वाटलं. नदीतून पाणी वाहिलं म्हणून येळसे, कोथुर्ण्यापासून खालपर्यंत शेतं भिजतात, विहिरींना पाझर राहतो, जनावरं पाणी पितात. गळती थांबवायची तर आधी शहरातल्या पाइपांतली थांबवावी.

आणि या नदीला आमच्या शहरात आल्यावर आम्ही काय देतो, हेही मनात आलं. तिकोन्याखाली जे पाणी आम्ही पाहिलं तेच पुढे चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळून वाहतं आणि दापोडीला मुळेला मिळतं. त्या वाटेत त्यात सांडपाणी सोडलं जातं, कारखान्यांचं रसायन सोडलं जातं. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात, कधी मेलेले मासे काठाला लागतात. मी कारखान्यात काम करते म्हणून सांगते, हे रोखता येतं. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा बसवायची, ती रोज चालवायची, तपासणीच्या दिवशीच नव्हे. आपल्या शॉपफ्लोअरवर दहा मायक्रॉनचा फरक आपण चालवून घेत नाही.

दुपारी खाली उतरलो. जेवून आम्ही काठाने थोडं चाललो. पाण्याकडे जाणाऱ्या काही जुन्या पायवाटा बंगल्यांच्या कुंपणांनी अडल्या आहेत, गुरं वळवून न्यावी लागतात. ज्या ठिकाणी शनिवार-रविवारी गर्दी होते तिथे प्लास्टिकच्या बाटल्या, फुटक्या काचा, थर्माकोलच्या ताटल्या पडलेल्या होत्या. माझी मैत्रीण पॅकिंगमध्ये आहे. तिने न सांगता एक गोणी मागून घेतली आणि तिघांनी ती भरली. आजींच्या नातवाने ती गावच्या गाडीत टाकायचं कबूल केलं. तो म्हणाला, काच सगळ्यात वाईट, म्हशीचा पाय कापतो.

मग आम्ही कामशेतकडे निघालो. लोकलमध्ये सेकंड शिफ्टची माणसं नव्हती, गुरुवार होता ना. लातूरच्या मुलाने मोबाइलमधला तुंगचा फोटो आईला पाठवला होता आणि तिचा फोन आला. तिने पहिला प्रश्न विचारला, पाणी गोड आहे का.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. मधला वार निवडा आणि लोकलने जा, काठच्या अरुंद रस्त्यांना गाड्यांचा भार सोसत नाही. गावातल्याच माणसाच्या घरी राहा आणि जेवा. पाण्यात उतरू नका. पोहता येत असलं तरी उतरू नका, खाली बांध, विहिरी आणि गाळ आहे आणि दरवर्षी इथे तरुण मुलं बुडतात. पावसाळ्यात प्रशासनाने बंदी घातली असेल तर ती पाळा. १५ जून २०२५च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. ती माणसंही आपल्यासारखी सुट्टीला घराबाहेर पडलेली होती. आपली बाटली, आपली ताटली परत घरी आणा. आणि पुढच्या वेळी नगरसेवक दारात मत मागायला येईल तेव्हा पाणी रोज कधी येणार हे विचाराच, पण त्याचबरोबर पवनेच्या धरणग्रस्तांना जमीन कधी मिळणार हेही विचारा.